बांगडी दिसते तोवर शेण

मासे खायला मी देवगडहून बीड जिल्ह्यात चालले आहे, असं सांगितलं तेव्हा आमच्या आळीत कुणाचा विश्वास बसला नाही. शेजारच्या वहिनींनी तर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. समुद्र दाराशी, खिडकीतून होड्या दिसतात, आणि ही बाई बॅग भरून निघाली कोरड्या मुलखात, तेही गोड्या पाण्यातला मासा चाखायला! यजमान एवढंच म्हणाले, "जातेस तर जा, पण तिथे जाऊन नाक मुरडू नकोस. लेकीचं सासर आहे."

लेकीचं सासर आहे म्हणूनच तर जायचं होतं. माझी लेक आणि जावई पुण्यात असतात. सासूसासरे गावी, नेकनूरच्या अलीकडे एका वाडीवर. मोसंबीची बाग, थोडी ज्वारी, तीन म्हशी, एक बैलजोडी, आणि बागेसाठी खोदलेलं मोठं शेततळं. या शेततळ्यात विहीणबाईंनी पावसाळ्यात रोहू आणि कटल्याची पिल्लं सोडली होती. बचत गटाच्या बायकांबरोबर त्या कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या, तिथे शेणखतावर मासे वाढवायचं शिकल्या आणि घरी येऊन हट्टाला पेटल्या.

घर माळकऱ्यांचं. व्याह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, विहीणबाईंच्याही. घरात अंडं येत नाही. व्याही, म्हणजे अण्णा, पहिल्यांदा नकोच म्हणाले. मग बायकोचं तोंड पाहून एक वर्षाची परवानगी दिली. एक खेप करून बघ, जमलं नाही तर तळ्यात पुन्हा नुसतं बागेचं पाणी. आता सहा महिने झाले होते. मासे वाढत होते, पण गावात बोलवा उठली होती की शेणावरच्या माशाला शेणाचा वास मारतो. बीडचा मासेवालाही का-कू करायला लागला होता. घरात चव सांगणारं कुणी नाही. म्हणून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मला फोन आला.

"विहीणबाई, तुमी मासा खाऊन वाढलेल्या. तुमी या, खावा आन खरं काय ते सांगा. वास मारत आसंल तर तसं सांगा. तुमच्या सांगण्यावर हे तळं हाय बघा."

एवढी मोठी खुर्ची मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. मी आमसुलं, दोन नारळ आणि तिरफळाची पुडी बॅगेत टाकली.

पहिला दिवस: वाण

लेकीकडे एक रात्र राहून पुण्याहून एसटीने निघाले. पाटोदा मागे पडलं तशी झाडं विरळ झाली. उघडेबोडके डोंगर, त्यांच्या अंगावर सीताफळाची झुडपं आणि खाली उभी ज्वारी. आमच्याकडे नजर कुठेही टाका, मध्ये झाड येतंच. इथे नजर निघाली की निघालीच. सुरुवातीला मला उघड्यावर बसवल्यासारखं वाटलं. पुढे पुढे मात्र बरं वाटायला लागलं.

फाट्यावर अण्णा मोटारसायकल घेऊन उभे होते. पांढरा सदरा, टोपी, मिशीत हसू. मी साडी सावरत मागे बसले आणि बॅग मांडीवर घेतली. वाटेत त्यांनी फक्त एकदा मागे वळून विचारलं, "नारळ आणलेत जनू? खडखड वाजायलेत."

दारात विहीणबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच आत घेतलं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अंगाने सडपातळ, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. हातात कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. चहा झाला, तिळगूळ झाला, मग हळदीकुंकू. संक्रांतीचे दिवस, विहीण पहिल्यांदाच घरी राहायला आलेली, म्हणजे वाण द्यायला हवं. मी मालवणहून आणलेल्या शिंपल्याच्या दोन बांगड्या काढल्या. चांगल्या जाड, पांढऱ्याशुभ्र, उजेडात चमकणाऱ्या.

विहीणबाई हरखल्या. तिथल्या तिथे एकेका हातात एकेक चढवली, हिरव्या चुड्याच्या पुढे, अगदी मनगटाशी. "लई देखण्या हायत हो. आमच्यात रीत हाय, विहिणीनं दिलेलं वाण विहीण घरात हाय तवर अंगावरून उतरवायचं न्हाई. उतरवलं तर तिला जा म्हणल्यावानी होतंय."

मला ही रीत फार आवडली. आमच्याकडे वाण मिळालं की कपाटात जातं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी मिळतं. मनात म्हटलं, बघा, माणसं कशी मान ठेवतात. त्या रीतीने काय घोळ होणार आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

जेवणात येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. भात शेवटी, तोही चार घास. आम्ही भाताने सुरुवात करणारी माणसं. अर्धी भाकरी खाऊन मी भाताची वाट बघत बसले आणि तेवढ्यात ताटात दुसरी भाकरी पडली. नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसरा दिवस: तळ्यावर

सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. चारी बाजूंनी मातीचा उंच बांध, आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, उतरायला वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या. पाणी हिरवट, कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यासारखं. बांधाच्या एका कोपऱ्यात सिमेंटची टाकी. तिच्यात काय आहे ते बघायच्या आधीच मला कळलं.

"शेण हाय," विहीणबाई अभिमानाने म्हणाल्या. "पाण्यात कालवून चार-पाच दिस मुरवायचं. ताजं टाकलं की पाणी नासतंय."

मी पदर नाकाला लावला. यजमानांची ताकीद आठवली आणि पदर खाली घेतला.

"आणि हे मासे खातात?" मी विचारलं. मला त्या दोन नारळांची दया येऊ लागली होती.

"मासा शेण खात न्हाई हो!" हा प्रश्न त्यांनी गावात शंभरदा ऐकला असणार. "शेण खातंय पाणी. त्यानं पाण्यात बारीक शेवाळ धरतंय, डोळ्याला दिसत बी न्हाई आसं. शेवाळावर किडं जगत्यात. ते खाऊन मासा वाढतो. तुमी भाताला शेणखत घालता, मग भाताला वास मारतो का?"

शेणखत घातलेला भात मी साठ वर्षं खाते आहे.

मग त्यांनी मला त्यांची युक्ती दाखवली. शेण किती टाकायचं हे पाणीच सांगतं. कमी पडलं तर पाणी नितळ राहतं आणि मासा उपाशी राहतो. जास्त झालं तर पाणी गडद होतं आणि माशांचा श्वास कोंडतो. प्रशिक्षणात सांगितलं होतं की कोपरापर्यंत हात पाण्यात सरळ बुडवा आणि तळहात दिसतो का बघा.

"पर माझा तळवा सदा शेणानं भरलेला. तो कुठला दिसतोय पाण्यात!" त्या हसल्या. "म्हनून मी बांगडी धरली. मनगटाची बांगडी दिसली की शेण टाकायचं. दिसंना झाली की बंद. सहा म्हैने झालं, एकदा चूक न्हाई."

मला ही बाई एकदम आवडून गेली. खालच्या पायरीवर बसून त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत बुडवला, मान तिरकी करून पाहिलं. "दिसतीया की चांगली. दोन घमेली टाकावी लागतील."

मी म्हटलं, एक घमेलं मी नेते. त्या नको नको म्हणत असताना मी उचललं, बांधावर चार पावलं टाकली आणि प्लास्टिकवरून पाय सटकला. घमेलं पाण्यात गेलं नाही, माझ्या अंगावर आलं. पलीकडे मोसंबीला आळं करणारे अण्णा धावत आले. हसू दाबायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण टोपीसकट सगळं अंग हलत होतं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुमी बी शेणावर मोठ्या व्हायलात का आता?"

विहीणबाईंनी मला विहिरीवर नेऊन बादल्या ओतल्या. मला राग यायला हवा होता, पण मीच जास्त हसत होते.

तिसरा दिवस: हुरडा आणि आभाळ

सकाळी हुरडा झाला. शेतातच खड्डा करून, गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर केला होता. अण्णा कणसं भाजून तळहातांत चोळायचे, फुंकर मारायचे आणि गरम दाणे माझ्या पुढ्यात ओतायचे. सोबत दही, गूळ, लसणाची चटणी. मी पोट भरलं म्हटलं की अण्णा म्हणायचे, "ह्यानं कुठं पोट भरतंय? हा टाइमपास हाय." त्या टाइमपासनंतर मला संध्याकाळपर्यंत वाकता आलं नाही.

दुपारनंतर आभाळ आलं. वारा पडला. थंडीचे दिवस असून उकडल्यासारखं झालं. अण्णा आभाळाकडे बघून ज्वारीची काळजी करत होते. आम्ही दोघी तळ्यावर गेलो.

पाणी कालच्यापेक्षा गडद दिसत होतं. माझ्यासुद्धा लक्षात आलं. विहीणबाईंनी हात बुडवला, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"रंग तर लई चढलाय," त्या म्हणाल्या. "पर बांगडी दिसतीय की."

"दिसतेय तर मग टाका की," मी म्हटलं. म्हणताना माझा आवाज असा होता, जसं काही मी सात पिढ्या शेणावर मासे पोसत आले आहे.

त्या क्षणभर घुटमळल्या. पण त्यांचा स्वतःच्या बांगडीवर विश्वास होता आणि माझ्या कोकणीपणावरही. दोन घमेली पाण्यात गेली आणि हळूहळू पाझरत राहावं म्हणून शेणाची दोन पोतीही दोराने कोपऱ्यात पाण्यात टांगून झाली. परत येताना मी त्यांना आमच्या रापणीच्या, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या गोष्टी सांगत होते. त्या कौतुकाने ऐकत होत्या. आता आठवलं की कान गरम होतात.

चौथा दिवस: मासे वर आले

तांबडं फुटायच्या वेळेला अण्णांची हाक आली. म्हशींना वैरण टाकायला गेलेले ते बांधावरून ओरडत होते.

"अगं ऐकलं का! पळ! मासं वर आलेत सारे!"

विहीणबाई अनवाणी पळाल्या. त्यांच्या मागे मी. बांधावर चढून पाहिलं आणि मी आनंदाने टाळीच वाजवली. सगळं तळं माशांच्या तोंडांनी भरलं होतं. शेकडो तोंडं पाण्यावर उघडझाप करत होती. आमच्याकडे मासा असा वर आला की किनाऱ्यावर आरडाओरडा होतो, होड्या सुटतात, बायका टोपल्या घेऊन धावतात.

"अगो बाई, केवढे मासे!" मी म्हटलं.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझे हात खाली आले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"विहीणबाई, मरायलेत ते," त्या म्हणाल्या. "पाण्यात वारा न्हाई राहिला."

मग जे झालं ते मला क्रमाने सांगता येणार नाही, इतकी पळापळ होती. अण्णांनी विहिरीची मोटार सुरू केली आणि नळी ओढत आणली. नळीचं तोंड माझ्या हातात दिलं. "अंगठा धरा पुढं, आन वर उडवा पाणी! जितकं वरून पडंल तितका वारा घेतंय!" मी दोन्ही पाय रोवून कारंजं उडवत राहिले. विहीणबाईंनी दोर कापून शेणाची पोती बाहेर ओढली. शेजारच्या मळ्यातले दोघे-तिघे धावत आले आणि काठावरून बांबूंनी पाणी बडवू लागले.

आणि अण्णा. माळ घातलेले, माशाला हात न लावणारे अण्णा. त्यांनी टोपी काढून बांधावर ठेवली, धोतर खोचलं, कमरेला दोर बांधून दुसरं टोक शेजाऱ्याच्या हातात दिलं आणि छातीएवढ्या पाण्यात उतरले. एक फळी घेऊन पाणी बडवायला लागले. मासे त्यांच्या अंगावर आपटत होते. ते "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत होते आणि पाणी बडवत होते. मध्येच ओरडले, "अगं, हिकडच्या कोपऱ्यात पाणी मारा, हिकडं लहान हायत!"

या बाईने सहा महिने जपलेलं तळं डोळ्यांसमोर तोंडं उघडून श्वास मागत होतं, आणि "टाका की" म्हणणारी मी होते.

नऊच्या सुमाराला आभाळ फाटलं. ऊन आलं, वारा सुटला. हळूहळू तोंडं कमी होत गेली. आधी मधली, मग काठावरची. शेवटी पाण्यावर फक्त सात मासे राहिले, पांढरी पोटं वर करून. विहीणबाईंनी ते एकेक करून उचलले. त्या रडल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या.

"कावून आसं झालं?" त्या स्वतःशीच बोलत होत्या. "मी हात घालून बघितलं की. बांगडी दिसत होती. मग कावून?"

अण्णा थरथरत अंग पुसत होते. जमलं नाही तर पुन्हा नुसतं बागेचं पाणी, ही त्यांची अट आम्हा दोघींनाही आठवत होती.

विहीणबाईंनी सवयीने पुन्हा हात पाण्यात घातला. मी शेजारीच बसले होते. आणि मला दिसलं. कोपरापर्यंतचा हात हिरव्या पाण्यात गेला होता. हिरव्या बांगड्यांचा मागमूस नव्हता. हातही दिसत नव्हता. आणि खाली, खोल, एक पांढरी कडी स्वच्छ चमकत होती.

"विहीणबाई," मी म्हटलं, "ही तुमची बांगडी नाही. माझी आहे."

त्यांना कळेना. मी त्यांचा हात बाहेर काढला, हिरवी बांगडी दाखवली, पांढरी दाखवली, पुन्हा बुडवला. हिरवी वीतभर पाण्यातच नाहीशी झाली. पांढरी कोपरापर्यंत बुडवली तरी दिसत राहिली.

"सहा महिने तुम्ही हिरव्या बांगडीवर मोजत होतात. मी आले आणि पांढरी चढवली. ती नुसती दिसतच राहणार! पाणी काल बंद करा म्हणत होतं, आणि माझं वाण टाका म्हणत होतं. शिवाय मी तोंडानेही म्हटलं. विहीणबाई, चूक माझी आहे."

त्या बांगडीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. आणि एकाएकी हसायला लागल्या, इतक्या, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मघाशी अडलेलं रडू त्यातच निघून गेलं असावं.

"म्हंजी माझी रीत खोटी न्हाई," त्या म्हणाल्या. "ऐकलं का हो? रीत खोटी न्हाई!"

"आधी त्या बांगड्या काढून ठेवा," मी म्हटलं.

त्यांचं हसू थांबलं. "आसं कसं? तुमी घरात हाव की आजून. विहिणीचं वाण कसं उतरवू?"

"म्हणजे मी गेल्याशिवाय तुमचं तळं सुधारणार नाही?"

"तसं न्हाई हो म्हणलं मी!" त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. मानही ठेवायचा आणि मासेही जगवायचे, अशी बिचारीची पंचाईत. टोपी डोक्यावर ठेवत अण्णा म्हणाले, "डाव्या हातात घाल की दोनी. उजवा हात पाण्याला, डावा विहिणीला."

एवढं साधं आम्हा दोघींना सुचलं नव्हतं. ते सात मासे अण्णांनी मोसंबीच्या आळ्यात पुरले आणि वरून माती ओढताना हात जोडले.

पाचवा दिवस: चव

ठरल्याप्रमाणे बीडहून रफिकभाई आले. का-कू करणारे मासेवाले ते हेच. पांढरी दाढी, स्वच्छ कपडे, तोंडात वेलदोडा. कालची हकीकत त्यांना वाटेतच कळली होती.

"भाभी, पानी खराब झालं म्हणे?" त्यांनी बांधावर उभं राहून विचारलं.

"झालतं," विहीणबाई म्हणाल्या. लपवालपवी नाही. "माझ्या हातानं झालतं. आज बघा."

त्यांनी उजवा हात बुडवला. पाणी मोटारीने बरंच बदललं होतं, तरी हिरवी बांगडी दिसली नाही. "दिसत न्हाई. आठ दिस शेण बंद." रफिकभाईंनी मान डोलावली. त्यांना ही पद्धत पसंत पडलेली दिसली.

त्यांनी स्वतःच जाळं फेकलं. अर्ध्या किलोच्या आसपासचे दोन रोहू आले, चकचकीत, जिवंत. घरात चूल मिळणं शक्य नव्हतं. बांधाच्या पलीकडे लिंबाच्या झाडाखाली तीन दगड मांडले. मासे कापायचं काम माझं. विहीणबाईंनी पाठ फिरवली, पण नारळ खोवून दिला आणि वाटण पाट्यावर बारीक करून दिलं. अण्णा वाऱ्याच्या उलट्या बाजूला, लांब, झाडाला टेकून बसले. जायचं म्हणत होते, पण जात नव्हते.

एक मासा तव्यावर, नुसतं मीठ-हळद-तिखट लावून. दुसऱ्याचं आमसूल आणि तिरफळ घालून सार. तव्यावरचा पहिला तुकडा मात्र मी मुद्दाम काहीही न लावता भाजला होता. वास असेल तर तो मसाल्याखाली लपायला नको.

तो तुकडा मी तोंडात घातला. विहीणबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची नजर माझ्या तोंडावर. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी लग्नातही पाहिलं नसेल.

मी सावकाश चावलं. एक काटा काढला. दुसरा काढला. तिसरा काढला.

"बोला की!" त्या कळवळून म्हणाल्या.

"काटे फार आहेत," मी म्हटलं.

"काटं देवानं दिलेत. वासाचं सांगा!"

"शेणाचा वास नाही," मी म्हटलं. "जराही नाही. मासा गोडसर आहे, ताजा आहे. आमच्या सुरमईची सर नाही, ते मी खोटं सांगणार नाही. शेवटी किंचित मातीचा वास येतो जिभेवर. विहिरीच्या पाण्याला यावा इतकाच."

त्यांचा चेहरा अर्धा फुलला आणि अर्धा थांबला. रफिकभाई साराची वाटी तोंडाला लावून बसले होते. ती खाली ठेवून ते म्हणाले, "काकू खरं बोलल्या. मातीचा वास तळ्याच्या माशाला ऱ्हातोच थोडा. काढायच्या आधी एक-दोन रोज साध्या पान्यात ठेवा, तो बी जातोय. भाभी, मासा एकदम साफ हाय. किलोचा होऊ द्या, मी येतो. फिकर करू नका." आणि वाटी पुन्हा पुढे केली.

विहीणबाईंनी माझा मसाल्याने माखलेला हात दोन्ही हातांत धरला आणि धरूनच राहिल्या. माळकरी बाईचे हात, माशाच्या रश्श्यात. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "धुते की मग. आंघोळ करते."

झाडाखालून अण्णांचा आवाज आला. "विहीणबाई, ते आंबट काय घातलंत? वास लई भारी यायलाय."

"वास घेतलेला चालतो का हो माळेला?" मी विचारलं.

"वारा फिरला," ते म्हणाले. "त्याला मी काय करणार?"

निघताना

सहाव्या दिवशी निघाले. फाट्यापर्यंत दोघंही आले. पिशवीत ज्वारी, शेंगदाणे, येसर आणि एक डझन मोसंबी. तळ्याच्या पुढच्या वर्षाबद्दल अण्णा एक शब्द बोलले नव्हते. मी विचारलं नाही. व्याही माणसाला किती विचारायचं, याला हद्द असते. एसटीच्या खिडकीतून पाहिलं तर विहीणबाई डावा हात हलवत होत्या. उन्हात दोन्ही पांढऱ्या बांगड्या चमकत होत्या.

देवगडला आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की शेणावरचा मासा खाल्ला आणि तो चांगला असतो. वहिनींनी पुन्हा माझ्या कपाळाला हात लावला.

मे महिन्यात विहीणबाईंचा फोन आला. रफिकभाई टेम्पो घेऊन आले होते, मोठे मासे गेले, बीडच्या बाजारात दुपारपर्यंत संपले. मी विचारलं, आणि माझं वाण? घरातून मी निघाले तशा बांगड्या उतरवल्या असतील ना?

"उतरवली एक," त्या म्हणाल्या. "थांबा, दावते."

त्यांनी व्हिडिओ पाठवला. तळ्याची तीच पायरी. वर वाकलेले अण्णा, टोपी, माळ. त्यांच्या हातात एक सुतळी, सुतळीला वीतवीत अंतरावर गाठी, आणि टोकाला दगडाशी बांधलेली माझी शिंपल्याची बांगडी. ती पाण्यात सोडत ते मोठ्याने गाठी मोजत होते. एक. दोन. बांगडी दिसेनाशी झाली. "दोन गाठी!" ते ओरडले. "शेण बंद!"

मागून विहीणबाईंचा आवाज: "तुमची पांढरी लई खोलवर दिसती ना, म्हनून गाठी मारल्या. तीन गाठीपातुर दिसली तरच शेण टाकायचं. माझ्या हातापरीस बराबर सांगतीया."

"आणि दुसरी बांगडी?" मी फोनवर विचारलं. "ती तरी तुमच्या हातात आहे ना?"

तेवढ्यात फोन अण्णांनी घेतला.

"ती मी मागून घेतली, विहीणबाई," ते म्हणाले. "रागावू नका. बांधाच्या पल्याड दुसरं तळं खोदायला घेतलंय."